मैनाच्या माजाची वही: प्रकल्प नोंदी, २०२५

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून लिहायला घेतलंय. वही जुनीच आहे, पुढची पानं दुधाच्या हिशोबाची, मी मागून सुरुवात केलीये.

कारण असं की गेल्या गुरुवारी आमच्या कोरेगाव तालुक्यातच एका गावात परण्याला (नवरदेवाच्या लग्नाआधीच्या वरातीला) आमची घोडी मैना गेली होती. सात वर्षं ती हे काम करतीये, बॅन्जो, फटाके, अंगावर उधळलेले तांदूळ, सगळं तिला सवयीचं. पण मारुतीच्या देवळापुढं आली आणि थांबली ती थांबलीच. शेपटी वर केली, मागचे पाय फाकले, थोडं थोडं मुतली, दोन पावलं टाकली की परत तेच. आप्पांनी (माझे चुलते, वरातीला तिच्याबरोबर तेच असतात) लगाम ओढला तशी ती उलटी सरत सरत स्पीकरच्या टेम्पोला जाऊन टेकली आणि तिथं तिनं लाथ झाडली. टेम्पोपुढं सहा-सात वर्षांचं एक पोरगं नाचत होतं, लाथ त्याच्या डोक्याच्या वीतभर बाजूनं गेली आणि हेडलाइट फुटला. नवरदेव आयाळ धरून बसलेला, फेटा सुटून गळ्यात आलेला. कुणाला लागलं नाही हे खरं, पण मी त्या रात्री झोपले नाही.

आण्णा (माझे वडील) म्हणाले, माज (घोडीला घोड्याची ओढ लागते तो काळ) चढलाय तिला, महिना महिना उतरत नाही, दरवर्षी लगीनसराईच्या तोंडावर हेच, आता विकून टाकू. मी म्हटलं मला आषाढापर्यंत वेळ द्या. नक्की काय होतंय, कधी होतंय, किती दिवस राहतंय हे आपल्याला कुणालाच सांगता येत नाहीये, नुसतं "माज माज" म्हणतोय. आण्णा गप्प बसले, म्हणजे हो.

मैनाची माहिती: मारवाडी क्रॉस, रंग कुमाईत (तांबूस अंग, काळी आयाळ), वय ९, वजन पट्टीनं मोजून साधारण ३४० किलो, अजून एकदाही घोड्याकडून भरवलेली नाही. खाणं कडबा, लुसर्ण घास, भिजवलेले हरभरे, कोंडा.

४ फेब्रुवारी

काय काय लिहायचं ते ठरवलं. रोज सकाळी ७ ला वरच्या आळीतल्या तात्यांचा राजा (पूर्ण घोडा आहे, खच्ची केलेला नाही) आमच्या आडव्या बांबूपलीकडं आणून उभा करायचा, पाचच मिनिटं, आणि मैना काय करते ते बघून शून्य ते चार आकडा द्यायचा. शून्य म्हणजे कान मागं, किंचाळणं, लाथ. चार म्हणजे स्वतःहून मागची बाजू त्याच्याकडं करून उभी राहणं, शेपटी बाजूला, निरणाची (योनीच्या ओठांची) उघडझाप, थोडी थोडी लघवी. त्याच्याबरोबर खाणं, लघवी किती वेळा, कामाला गेली का, कामावर कशी वागली.

तात्यांना विचारायला गेले तेव्हा जरा संकोच वाटत होता, पोरीच्या जातीनं हे काय विचारायचं असं म्हणतील म्हणून. तात्या म्हणाले, "आगं तुझ्या आज्याबरोबर मी हेच करत हुतो, बांबूबी त्योच आसंल." राजाला ते स्वतः घेऊन येणार.

९ फेब्रुवारी

आकडे: ३, ३, २, ४, ३. म्हणजे माज आहेच. कामाला नेली नाही, आलेली एक सुपारी तात्यांच्या राजाला दिली.

१४ फेब्रुवारी

२, १, ३, ३, ४. परण्याच्या दिवसापासून धरलं तर आज सोळावा दिवस. पुस्तकी हिशोबात घोडीचा माज ५ ते ७ दिवस आणि दोन माजांमधलं अंतर २१-२२ दिवस. हिचं सोळा दिवस चालूच आहे आणि मधेच कमी होऊन परत वाढतंय.

सल्ले देणारे रोज एक. एक जण म्हणाला गाईला सिस्ट (अंडाशयात पाण्याचा फोड) होतं तसं झालंय, हात घालून फोडा. दुसरा मोबाइलवर व्हिडिओ घेऊन आला, घोडीच्या गर्भपिशवीत काचेची गोटी ठेवतात म्हणे, मग माज येत नाही. आण्णांचं स्वतःचं मत, एक शिंगरू झालं की शांत होईल. आणि मागच्या वर्षीचं इंजेक्शन परत द्या म्हणणारेही आहेत. त्या इंजेक्शनचं मला अजून आठवतं, गावात जनावरांना सुया देत फिरणाऱ्या एकानं "माज घालवायचं" म्हणून दिलं आणि दहा मिनिटांत मैना घामानं इतकी भिजली की पोटाखालून थेंब गळत होते, खाली बसायला बघत होती, पोटाकडं वळून वळून बघत होती. तासाभरानं सावरली. त्या तासात मी तिच्या तोंडाशी उभी होते आणि मला काहीच करता येत नव्हतं.

यातलं काहीही डॉक्टरला विचारल्याशिवाय करायचं नाही असं आज आण्णांसमोर बोलले. जरा मोठ्या आवाजात बोलले.

२० फेब्रुवारी

साताऱ्याहून डॉक्टर आले, घोड्यांचं काम करणारे, शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेले. बरोबर हातात धरायचं सोनोग्राफी मशीन. मैनाला दोन खांबांमध्ये घेतलं, मागं गवताच्या पेंढ्या रचल्या, आप्पांनी पुढचा एक पाय उचलून धरला. शेण काढून, हात घालून, आतून मशीन फिरवलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली.

काळे गोल दिसत होते. दोन्ही अंडाशयांत चार-पाच, सगळ्यात मोठा २८ मिलिमीटरचा. डॉक्टर म्हणाले हे फॉलिकल, यात अंडं असतं, एरवी यातला एक मोठा होऊन ३५-४० च्या पुढं जातो आणि फुटतो, अंडं सुटतं, मग त्या जागी एक पिवळी गाठ तयार होते (ही गाठ म्हणजे आजार नव्हे) आणि त्या गाठीतून जे हार्मोन येतं तेच माज थांबवतं. हिच्यात अजून एकही फुटलेला नाही. मोठे होतात, विरघळतात, दुसरे येतात. गाठ नाही म्हणून माजाला ब्रेकच नाही.

मी विचारलं म्हणजे आजार कुठला? म्हणाले आजार नाही. घोडी दिवसाच्या लांबीवर चालते. हिवाळ्यात दिवस लहान, अंडाशय झोपलेले किंवा अर्धवट झोपलेले. दिवस मोठा व्हायला लागला की जागे होतात, पण गाडी पहिल्या किकला सुरू होत नाही तसं आठवडेच्या आठवडे नुसतं घरघर चालतं. पहिलं अंडं सुटलं की मग घड्याळासारखं. आपल्याकडं डिसेंबरात दिवस साधारण ११ तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा, वरच्या थंड देशांइतका फरक नाही, म्हणून काही घोड्या वर्षभर माजावर येतात, पण हिच्यासारख्यांना तेवढा फरकही पुरतो.

मग एकेक सल्ला त्यांच्यापुढं ठेवला. सिस्ट: गाईत होतं तसं सिस्ट घोडीत होत नाही, फोडण्यासारखं काही नाही. अंडाशयाचा एक ट्यूमर असतो, त्यात एक बाजू खूप वाढते, दुसरी सुकून बारीक होते आणि घोडी कायम माजावर राहते नाहीतर घोड्यासारखी वागायला लागते, दुसऱ्या घोड्यांवर चढते. हिच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या, त्याची शंका नाही. काचेची गोटी: निम्म्याहून कमी घोड्यांत उपयोग होतो, कधी आत फुटते, पिशवी खराब होते, मी घालणार नाही. शिंगरू: अकरा महिने गाभण राहील तोवर बहुतेक शांत, पण व्यायल्यावर ५ ते १२ दिवसांत परत माज, आणि आई झालेली घोडी वरातीला काय घेऊन जाणार तुम्ही, शिंगराला घरी ठेवून?

आणि इंजेक्शन. हे ऐकून मला रडूच आलं. ते इंजेक्शन ती पिवळी गाठ विरघळवायचं. गाठ असेल तर ती गेली की घोडी तीन-चार दिवसांत माजावर येते. म्हणजे ते माज आणायचं इंजेक्शन आहे, घालवायचं नाही. आणि गाठच नसेल तर नुसता घाम आणि पोटदुखी. आम्ही पैसे देऊन तिला ती दिली.

गोळ्या-औषध आहे का विचारलं. अल्ट्रेनोजेस्ट नावाचं तोंडातून द्यायचं औषध असतं, रोज एकदा, त्यानं दोन-तीन दिवसांत माज दबतो. पण ते हातावर सांडलं तर कातडीतून आत जातं, बायकांनी हातमोज्याशिवाय अजिबात हात लावायचा नाही, पाळी बिघडते, गरोदर बाईला तर धोकाच. आमच्याकडं घोडीचं सगळं मीच बघते. डॉक्टर म्हणाले आधी वही चालू ठेव, औषध कुठल्या गोष्टीला द्यायचं ते तर कळू दे.

२८ फेब्रुवारी

मधे चार दिवस शून्य-एक आले, मला वाटलं संपलं. आज परत ३. आप्पा म्हणाले वही जाळ. शिवरात्र होऊन दोन दिवस झाले तरी त्यांचा राग गेला नाही, कारण फेब्रुवारीत एकही वरात झाली नाही.

११ मार्च

डॉक्टर परत. डाव्या बाजूला एकच मोठा, ४१ मिलिमीटर, आणि गोलाचा आकार बदललाय, पेरूसारखा एका बाजूला निमुळता, हाताला मऊ लागतोय म्हणाले. बाकीचे सगळे लहान. पहिल्यांदाच असं दिसलं. दोन दिवसांत सुटेल.

१३ मार्च

आज होळी. डॉक्टरांना वाठारकडं काम होतं, जाता जाता बघून गेले. काळा गोल नाही! त्या जागी पांढुरकं काहीतरी. अंडं सुटलं. वहीत तारखेला लाल गोल केला.

१५ मार्च

काल शून्य, आज शून्य. राजा नुसता दिसला तरी मैना किंचाळली आणि दोन्ही मागचे पाय बांबूवर मारले, बांबू तडकला. तात्या हसत होते, "झाली बरी." मला त्या तडकलेल्या बांबूचा इतका आनंद झाला की आईला ओढून दाखवायला आणलं.

२९ मार्च

१५ दिवस सलग शून्य. आज २. अंडं सुटल्यापासून सोळावा दिवस. पुस्तकात आहे तसं. उद्या पाडवा, गुढीला नेसवायची साडी काढताना मी कॅलेंडरच बघत होते.

५ एप्रिल

माज संपला, ७ दिवस. आकडे २, ३, ४, ४, ४, ३, १. चढून उतरला, फेब्रुवारीसारखा वरखाली नाही. डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवले, ते म्हणाले आता बघायला यायची गरज नाही, ३ तारखेच्या आसपास सुटलं असणार, तूच मोज. मी मोजलं, पुढचा माज १९ एप्रिलच्या सुमारास.

म्हणजे ६ ते १८ एप्रिल मैना मोकळी. आण्णांनी लगेच तीन सुपाऱ्या घेतल्या.

८ एप्रिल

आजची नोंद मोठी आहे, कारण मला वाटलं होतं प्रश्न सुटला आणि तो सुटलेला नाही.

दुपारी ल्हासुर्ण्याच्या बाजूला परण्या होता. सकाळी राजापुढं शून्य, एकदम कडक शून्य. तरी वरातीत नवरदेव बसल्यावर पाचव्या मिनिटाला तेच सुरू, शेपटी फटकारणं, मागचे पाय फाकणं, थोडी लघवी, मागं सरणं. आप्पा माझ्याकडं बघायला लागले, "ही तुझी वही." मी स्वतः लगाम धरला आणि तिचं तोंड बघत चालले. माजात राजापुढं असते तेव्हा तिचे कान सैल, बाजूला पडलेले असतात, ओठ ढिले, डोळे अर्धे मिटलेले. आज कान मागं, नाकपुड्यांच्या वर सुरकुत्या, जबडा घट्ट आवळलेला. माजाचा चेहरा हा नव्हताच.

घरी आल्यावर वरातीचं खोगीर मीच उतरवलं. ते आबांच्या (माझ्या आज्याच्या) वेळचं, आत लाकडी सांगाडा, वर मखमल, आरसे, पितळी फुलं, इतकं जड की दोन हातांनी उचलावं लागतं. खालचं ब्लँकेट काढलं. पाठ सगळी घामानं काळी ओली झालेली, आणि मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्याच्या थोडं मागं, कण्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन ठिपके कोरडे. एकदम कोरडे, केस उभे, हात फिरवला तर धूळ लागली. डाव्या ठिपक्यात वीस-पंचवीस पांढरे केस. ते पांढरे केस मी वर्षानुवर्षं बघत आलीये, खरारा करताना त्यावरून हात फिरवलाय, सुंदर दिसतात असं वाटायचं.

बोटांनी त्याच्यावर हळू दाबलं. मैनाची पाठ खाली गेली, अशी गेली जशी कुणी गरम तवा टेकवला. शेपटी फटकारली, मागचे पाय फाकले आणि थोडीशी मुतली.

मी तिथंच बसले.

९ एप्रिल

डॉक्टर आले. लघवी तपासली, घोड्याची लघवी तशीही गढूळच असते, त्यात चुन्याचे बारीक कण आणि चिकट द्रव असतो, त्यावरून घाबरायचं नाही, पण रक्त, पू, खडा काही नाही. आत योनीमार्गात सूज नाही. दात ठीक. मग पाठीवर अंगठ्यानं इंच इंच दाबत गेले आणि दोन्ही कोरड्या ठिपक्यांवर तिनं तेच केलं.

म्हणाले, जिथं सगळ्यात जास्त दाब पडतो तिथं घामच येत नाही नीट, म्हणून कोरडं. दाबानं केसांची मुळं मेली की पुढचे केस पांढरे येतात, म्हणजे हे आजचं नाही, कित्येक वर्षांचं आहे. आणि घोडीला दुखलं की ती जे करते ते आणि माजात जे करते ते लांबून बघितलं तर सारखंच दिसतं, शेपटी, पाय फाकणं, लघवी. म्हणून लोक म्हणतात हिला कायम माज. पाठ दुखणाऱ्या, पोटात अल्सर असलेल्या, तंग (खोगिराचा पोटाखालून आवळायचा पट्टा) घट्ट बसणाऱ्या घोड्यांना या नावाखाली मार बसतो. फरक कळायला समोर घोडा उभा करायचा आणि तारीख लिहायची, जे तू केलंस, म्हणाले.

मला त्यांनी शाबासकी दिली ती नको होती. सात वर्षं तिनं सांगितलं आणि आम्ही चाबूक दाखवला. आप्पा दुपारभर गोठ्यातून बाहेर आले नाहीत, संध्याकाळी बघितलं तर मैनाच्या पाठीवर गरम पाण्याचा कपडा पिळून ठेवत होते.

उपाय: तीन आठवडे पाठीवर काही नाही. सूज उतरायचं औषध पाच दिवस. ते खोगीर बंद. उरलेल्या दोन सुपाऱ्या परत. आण्णांनी फोन करून परत केल्या, माझ्याकडून करून घेतलं नाही.

१७ एप्रिल

नवीन खोगीर. फलटणकडचा एक कारागीर घरी आला, त्यानं आधी तारेचा तुकडा तिच्या पाठीवर आडवा दाबून वाकवला, कागदावर त्याची रेघ काढली, तीन ठिकाणी, पुढं, मधे, मागं. आबांच्या खोगिराचा आतला भाग उलटा करून त्या रेघेवर ठेवला तर मधे पूर्ण पोकळ आणि फक्त पुढची दोन टोकं टेकत होती. अख्खा नवरदेव त्या दोन टोकांवर.

नव्याला सांगाडा रुंद, कण्यावर तीन बोटं मोकळी जागा, खाली नमद्याचे (दाबलेल्या लोकरीचे) दोन थर. आबांच्या खोगिराची पितळी फुलं आणि आरसे काढून यावर लावायला आईनं सांगितलं. वजन निम्मं. आबा असते तर भांडले असते असं आण्णा म्हणाले, आणि मग थोड्या वेळानं म्हणाले, न्हाई, त्यांनीच आधी बदललं असतं.

२५ एप्रिल

माज १९ ते २५. आकडे २, ३, ४, ४, ४, २, ०. यावेळी पाठीवर काही नव्हतं म्हणून पहिल्यांदाच निव्वळ माज कसा असतो ते दिसलं, आणि तो किती साधा आहे! राजा समोर असेल तेवढीच पाच मिनिटं सगळं नाटक, तो गेला की कडब्यात तोंड. थोडी जास्त चिकट, माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहते. चौथ्या-पाचव्या दिवशी डावी कूस हात लावू देत नव्हती, अंडं सुटायच्या वेळी काहींना तिथं दुखतं. बस एवढंच. यालाच आम्ही सात वर्षं सगळा दोष देत होतो.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आज पहिली वरात. सकाळी राजापुढं शून्य. नवं खोगीर, तंग दोन टप्प्यांत आवळला, आधी थोडा, मग दहा पावलं चालवून बाकीचा. बॅन्जो, ताशा, फटाक्यांची दहा हजारांची माळ. मारुतीच्या देवळापर्यंत पाऊण तास लागला. एकदाही थांबली नाही. उतरताना नवरदेवानं तिच्या मानेवर हात ठेवला.

घरी येऊन ब्लँकेट काढलं, पाठ सगळीकडं सारखी ओली.

११ मे

माजाचा दुसरा दिवस, आकडा ३. मुद्दाम परीक्षा घेतली. सुपारी नाही, फक्त चुलतभावाला वर बसवून गावातून फेरी, मागं शाळेतली दोन पोरं ढोल वाजवत. दोनदा थांबली, शेपटी वर केली. लाथ नाही, मागं सरणं नाही, "चल" म्हटल्यावर चालली. पण तात्यांच्या वाड्यापुढं राजा खिंकाळला तसं लक्ष पूर्ण उडालं. वरातीत दुसऱ्या पार्टीचा घोडा आला तर काय, वर नवखा माणूस असणार. ठरवलं की माजाचे दिवस वरात नाही, औषधही नाही. महिन्यातले सहा-सात दिवस जातात तर जाऊ देत, त्या तारखांना तात्यांचा राजा जाईल आणि जूनपर्यंत हिशोब आपापसात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढचे माज लाल पेन्सिलनं रंगवले, सुपारीचा फोन आला की आण्णा आधी भिंतीकडं बघतात.

२६ मे

पाऊस. मे संपायच्या आत असा पाऊस, तबेल्यात पाणी शिरलं, वही कुकरच्या डब्यात ठेवली. माज १६ ला संपला होता.

३० जून

गेल्या आठवड्यात माउलींची पालखी लोणंदवरून फलटणकडं गेली, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला घरातली सगळी पोरं गेली होती. आल्यावर धाकटा विचारत होता, माउलींचा घोडा एवढ्या लाखो लोकांतून पळतो तर लाथ कशी मारत नाही. आप्पा त्याला सांगत होते, "त्याच्या पाठीला कुणी टोचत नाही बाळा." मी आतून ऐकलं.

आषाढ सुरू झालाय. आण्णांनी विकायचा विषय काढलेला नाही, मीही काढला नाही.

१४ सप्टेंबर

पावसाळाभर आठवड्याला एकच ओळ लिहिली. अंतरं २१, २२, २१, २१, २३. आता रोज घोडा दाखवत नाही, तारखेच्या आसपास चार दिवस दाखवते.

एक काम उरलंय, फेब्रुवारीचं. तो लांबलेला माज काही पाठीमुळं नव्हता, तो खराच होता, आणि पुढच्या वर्षी परत येणार, तो पण बरोबर लगीनसराईत. डॉक्टरांना विचारलं. उपाय उजेडाचा. डिसेंबरच्या सुरुवातीपासून रोज १६ तास उजेड मिळाला तर साधारण दोन ते अडीच महिन्यांत ती घरघर आधीच उरकते. आपल्याला फार काही नको, माघ संपायच्या आत पहिलं अंडं सुटलं की काम झालं.

मी म्हटलं आमच्याकडं बिबट्याच्या भीतीनं रात्रभर बल्ब असतोच की. डॉक्टर म्हणाले तोच चुकतोय. रात्रभर उजेड म्हणजे घोडीच्या मेंदूला दिवस कधी संपला तेच कळत नाही. आठ तास काळोख पाहिजेच. उजेड संध्याकाळी वाढवायचा, आणि असा की तिच्या जागेवर उभं राहून पेपर वाचता आला पाहिजे. आमचा तो पिवळा झिरो बल्ब, त्यात स्वतःचा हात दिसत नाही.

२३ नोव्हेंबर

साहित्य आलं. दोन एलईडी पट्ट्या, टायमर, लाइट जाते म्हणून चार्जिंगची बॅटरी. बिबट्यासाठी तबेल्याला जाळीचं दार बसवलं, बाहेरचा दिवा दारापलीकडं नेला म्हणजे आत काळोख राहील. अंग जरा भरलं पाहिजे, बारीक घोडी उशिरा जागी होते, म्हणून हरभरे एक माप वाढवले.

१ डिसेंबर, सोमवार

सूर्य सहाच्या आत गेला. सहाला टायमरचा टक् आवाज झाला आणि तबेला पांढरा झाला, मैनानं तोंड वर करून वर बघितलं, मग परत घास. ११ ला बंद होईल.

उजेड पुरतो का ते बघायचं होतं. मी मोबाइल काढत होते तोवर आण्णा घरातून पेपर घेऊन आले, चष्मा लावला, बांबूखालून वाकून आत गेले आणि मैनाच्या मानेला टेकून उभे राहिले. आतल्या पानावरच्या बारीक टायपातल्या जमीन खरेदीच्या नोटिसा असतात त्यातली एक वाचली, अख्खी, गट नंबरासकट. मैना पेपरचा कोपरा ओढायला लागली.

"वाचता येतंय," आण्णा म्हणाले. "कोपऱ्यात जरा कमी आहे, ती पट्टी हातभर अलीकडं घे."

पट्टी अलीकडं घेतली.